पणजोबांच्या पदकावरचं '३४ सिग्नल कंपनी' म्हणजे नक्की कुठलं युनिट?

उरमोडीकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबड लावून विचारतोय, सांभाळून घ्या.

मागच्या महिन्यात गावाकडच्या घराची कौलं उतरवली. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. आत उंदरांनी कुरतडलेलं घोंगडं, दोन पितळी लोटे, आणि पानाच्या डब्यात फडक्यात गुंडाळलेलं एक पदक. एका बाजूला पंचम जॉर्ज, दुसरीकडे उघडाबंब घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही सालं. फीत गेलेली. मी चिंच लावून घासायला घेतलं (असं करायचं नसतं हे आता वाचलं, ओरडू नका), तेव्हा कडेवर बारीक इंग्रजी अक्षरं उमटली. आधी एक नंबर, मग पणजोबांचं नाव भलत्याच स्पेलिंगमध्ये, आणि शेवटी '३४ डी. सिग. कं.' असं काहीतरी.

घरात त्यांच्याबद्दल जे बोललं जायचं ते एवढंच. ते बसऱ्याच्या लढाईला गेले होते. तिथे घोडं खायची पाळी आली, पण त्यांनी खाल्लं नाही. मग कैदेत पडले. परत आले तेव्हा पणजीनं ओळखलं नाही, उंबऱ्यावरच भाकरतुकडा आणून दिला. सही येत नसे, जमिनीच्या कागदावर अंगठाच आहे. पण म्हातारपणी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं इंग्रजी अक्षरं काढत बसायचे. आजोबांनी लहानपणी पाहिली होती. ओळीनं ए बी सी डी नव्हे, मधलीच कुठलीतरी, कशीही.

आणि एक फालतू गोष्ट. भावकीत आमच्या घराला 'हेल्याचं घर' म्हणतात. शाळेत मला यावरून फार चिडवलंय. कोणे एके काळी दारात नामी रेडा असेल, असं आम्ही धरून चाललोय.

आमच्या भागातली माणसं मराठा पलटणीत जायची, हे माहीत आहे. ही सिग्नल कंपनी काय भानगड आहे? तिचा इतिहास कुठे कळेल?

नुसता वाचक

गाडी सुटायच्या आधी हात पडतो तो सिग्नल. (गंमत केली. विषय भारी आहे, बसलोय ऐकत.)

दापोडीकर

उरमोडीकाठ, तुमच्या हातात चांगलाच धागा लागलाय. 'डी. सिग. कं.' म्हणजे डिव्हिजनल सिग्नल कंपनी. ३४ नंबरची कंपनी सहाव्या डिव्हिजनबरोबर होती, आणि त्या डिव्हिजनचं नावच पूना डिव्हिजन. त्यामुळे 'बसऱ्याची लढाई' हे तंतोतंत जुळतं.

आधी थोडं मागे जातो. १९११ पूर्वी हिंदी फौजेत संदेशवहनाचं वेगळं खातंच नव्हतं. तारेचं काम सॅपर्स अँड मायनर्सकडे (फौजेतले इंजिनिअर), म्हणजे आपल्या इथे खडकीच्या बॉम्बे सॅपर्सकडे. झेंडे, दिवे, आरसे हे ज्या त्या पलटणीतले शिकवलेले शिपाई सांभाळायचे. १५ फेब्रुवारी १९११ रोजी फत्तेगडला, रॉयल इंजिनिअर्सचे लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल यांच्या हाताखाली पहिल्या सिग्नल कंपन्या उभ्या राहिल्या. आजही सिग्नल्सवाले तोच दिवस साजरा करतात. पहिलं महायुद्ध पेटलं तेव्हा हे खातं जेमतेम साडेतीन वर्षांचं होतं.

आता पूना डिव्हिजन. तिची एक ब्रिगेड ६ नोव्हेंबर १९१४ रोजी आजच्या इराकमधल्या फावला उतरली आणि महिना संपायच्या आत बसरा घेतलं. पुढे कुर्ना, शैबा, अमारा असं करत तैग्रिस नदीच्या काठाकाठानं ही फौज वर सरकली. नोव्हेंबर १९१५ मध्ये बगदादच्या अलीकडे टेसिफोनला अडली, माघारी फिरली आणि ३ डिसेंबरला कुत अल अमारा या नदीच्या वळणातल्या गावात शिरली. ७ डिसेंबरला तुर्कांनी फास आवळला. २९ एप्रिल १९१६ रोजी डिव्हिजनचा प्रमुख जनरल टाउनशेंडनं शरणागती पत्करली. जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा.

आत कोण कोण होतं ते बघा. १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री, ११७ मराठा, खडकीच्या सॅपर्सच्या १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या, आणि तुमची ३४ सिग्नल. साताऱ्या-रत्नागिरीच्या घराघरात 'बसरा' हा शब्द उगाच नाही राहिला.

घोड्याच्या मांसाची गोष्टही खरी आहे. धान्य संपत आलं तेव्हा तोफखान्याची घोडी आणि खेचरं मारायला घेतली. गोऱ्यांनी खाल्लं, हिंदी शिपायांनी बराच काळ हात लावला नाही. मग हिंदुस्थानातल्या धर्मगुरूंकडून 'अशा वेळी चालतं' अशी परवानगी मागवली गेली, ती बिनतारी संदेशानं कुतमध्ये आली. म्हणजे घोडं खायची मुभा पणजोबांच्याच खात्याच्या यंत्रावरून आली, आणि तरी त्यांनी खाल्लं नाही!

शोधाचं म्हणाल तर युद्धात वारलेल्यांची नोंद कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर मिळते. जिवंत परतलेल्याचा माग काढणं अवघड. गावात चावडीला किंवा देवळाला संगमरवरी पाटी आहे का बघा. 'या गावातून इतके लोक १९१४ ते १९१९ च्या महायुद्धास गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले' अशी इंग्रजीत असते. सातारा जिल्ह्यात आणि कोकणात अशा पाट्या पुष्कळ आहेत. नावं नसतात, नुसता आकडा असतो, तरी तुमचे पणजोबा त्या आकड्यात आहेतच.

उरमोडीकाठ

दापोडीकर, अंगावर काटा आला. पाटी आहे आमच्याकडे! मारुतीच्या देवळाच्या पायरीला लावलीय, त्यावर बसून आम्ही गोट्या खेळायचो. उद्या चुलत्यांना फोटो पाठवायला सांगतो.

पण ही सिग्नल कंपनी वेढ्यात नक्की करत काय असेल? लढत होती की नुसती निरोप्ये?

तारवाला

'नुसती निरोप्ये' वाचून खुर्चीत सरसावून बसलो.

मी खटाव तालुक्यातला. सिग्नल्समधून सुभेदार म्हणून निवृत्त झालो, सव्वीस वर्षं नोकरी. भरती झालो तेव्हा गोव्याला दोन नंबरच्या ट्रेनिंग सेंटरला पाठवलं. घरी आई म्हणाली, गोव्याला? मग फौज कशाला म्हणतोस? तिला कुठे माहीत, पणजीच्या त्या टेकाडावर मे महिन्यात ड्रमचं ओझं पाठीवर घेऊन पळवतात ते. ड्रम म्हणजे तारेचं रीळ. माझा ट्रेड लाइनमनचा. नंतर एक्स्चेंज पाहिलं, रेडिओ पाहिला, पण मूळचा तारवाला, म्हणून हे नाव घेतलंय.

कुतचं पुस्तकी ज्ञान मला दापोडीकरांइतकं नाही. पण वेढ्यात सिग्नलवाला काय करतो हे तारेच्या बाजूनं सांगू शकतो, कारण ते काम शंभर वर्षांत फार बदललेलं नाही. बदललंय ते आता आता, माझ्या निवृत्तीच्या आसपास.

समजा खंदकात एक पलटण आहे, मागे तोफा आहेत, आणि मध्ये जनरलसाहेब. पलटणीला दिसतंय की समोरून हल्ला येतोय. तोफांना ते दिसत नाही. मध्ये आहे ती एक तार. ती चालू असेल तर दोन मिनिटांत गोळे पडतात. तुटलेली असेल तर धावणारा माणूस पाठवायचा. तो पोचेल तेव्हा पोचेल. आता गंमत अशी की शत्रूचा गोळा पडतो तेव्हा पहिली तुटते ती तारच, कारण ती सगळीकडे पसरलेली असते. आणि बाकी सगळे डोकं खाली घालून बसतात त्याच वेळी लाइनमनला उठून बाहेर जायचं असतं. हातात तार धरायची आणि ती नेईल तिकडे जायचं. अंधारात तर डोळ्याचा उपयोगच नसतो, बोटांतून तार सरकवत चालायचं. एका जागी बोटं रिकामी होतात. तिथे तुटलीय. मग दुसरं टोक शोधा. गोळ्यानं ते वीसेक पावलांवर कुठेतरी फेकलेलं असतं.

आमच्या उस्तादांनी लाइनचे तीन आजार शिकवले होते. डिस, अर्थ आणि काँटॅक्ट. डिस म्हणजे तुटली, सरळ हिशोब. अर्थ म्हणजे वरचं रबर सोललं आणि तार जमिनीला लागली, आवाज मातीत गेला. काँटॅक्ट म्हणजे दोन तारा एकमेकींना भिडल्या, मग एकाचं बोलणं दुसऱ्याला. हँडल फिरवून घंटी कशी लागते, जड की हलकी, त्यावरून चांगला लाइनमन बसल्या जागी ओळखायचा की रोग कुठला. मला ते यायला चार वर्षं लागली. काहींना रिटायर होईपर्यंत आलं नाही, ते प्रमोशन घेऊन गेले (नावं घेत नाही).

तार जोडायची तीही फाटक्या धोतराची गाठ मारल्यासारखी नाही. आधी रीफ गाठ, म्हणजे ताण गाठीवर यावा. मग सोललेली टोकं पिळायची, मग चिकटपट्टी. रात्री पावसात, बोटं बधिर, दातानं रबर सोलायचं. माझ्या पुढच्या दाताला अजून खाच आहे.

आणि एकच तार टाकायची नसते. महत्त्वाच्या ठिकाणी दोन तारा लांब लांब अंतरावरून न्यायच्या आणि मध्ये मध्ये आडव्या जोडायच्या, शिडीसारख्या. एक पाय तुटला तरी शिडीच्या पायरीवरून बोलणं दुसऱ्या पायावर जातं. ही शिडी पहिल्या महायुद्धातलीच. तिकडे फ्रान्समध्ये तर गोळ्यांपासून वाचवायला तारा सहा सहा फूट खोल पुरायचे.

शत्रूपेक्षा जास्त तारा कोण तोडतं माहिती आहे? आपलेच. रणगाडे, ट्रक आणि गुरं. बारमेरकडे एका सरावात माझी लाइन पहाटे डिस. चार किलोमीटर चालत गेलो तर एका धनगराच्या तळावर माझी तार. त्यानं तिनं गवताचे भारे इतके नेटके बांधले होते की क्षणभर कौतुकच वाटलं. मी काही बोलायच्या आत त्यानं चहा पुढे केला. चहा प्यालो, गवत त्याला सोडून दिलं, तार मागून घेतली. साहेबांना रिपोर्ट दिला, 'वन्य प्राण्यांमुळे बिघाड'.

म्हणून म्हणतो, निरोप्या म्हणू नका. टपालवाल्यालाही दार तरी सापडतं.

नुसता वाचक

तारवाला सर, वन्य प्राणी. __/\__

आयनांबर

तारवाला काकांच्या प्रतिसादानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण पणजोबांच्या 'मधल्याच कुठल्यातरी' अक्षरांनी माझी झोप उडवलीय. मी हौशी रेडिओवाली आहे, परवाना आहे, आणि मोर्स, म्हणजे टिंबं आणि रेघांची तारेची लिपी, हा माझा जुना आजार.

त्या काळी कंपनीकडे फक्त तार नव्हती. बिनतारी यंत्रं नवी नवी होती, एक गाडीवरचं आणि दोन खेचरांच्या पाठीवर न्यायची, एवढंच सहाव्या डिव्हिजनबरोबर कुतमध्ये होतं. वेढ्याच्या बाहेरच्या जगाशी बोलणं मुख्यतः त्यावरच. बाकी झेंडे, रात्री दिवे आणि दिवसा हेलिओग्राफ.

हेलिओग्राफ म्हणजे तिपाईवरचा आरसा. १८६९ मध्ये हेन्री मान्स या तारखात्यातल्या अधिकाऱ्यानं कराचीला तयार केला. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, म्हणजे हे यंत्र एका अर्थानं आपल्याच इलाख्यातलं. साधारण पाच इंची आरसा असायचा. मध्यभागी पाऱ्याचा एक ठिपका खरवडलेला, त्यातून मागून बघून नेम धरायचा. पुढे एक काडी, तिच्यावर सावलीचा ठिपका बसला की उजेड बरोबर समोरच्या ठाण्यावर. मागे एक कळ. दाबली की आरसा केसभर कलतो आणि समोरच्याला चमक दिसते. छोटी चमक, लांब चमक, झालं मोर्स. सूर्य पाठीशी असेल तर दुसरा आरसा लावून ऊन वळवून घ्यायचं. सूर्य सरकत राहतो, म्हणून एका हातानं कळ आणि दुसऱ्या हातानं सतत स्क्रू फिरवत राहायचं. हवा स्वच्छ असेल तर पन्नास मैलांवर दिसतं. डोंगराळ मुलखात, अफगाण सरहद्दीवर, यानं कमाल केली. बॅटरी लागत नाही, तार लागत नाही, आणि बाजूला उभ्या असलेल्या माणसाला काही दिसत नाही, कारण उजेडाची धार अगदी चिंचोळी असते.

मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, मात्र याचे हाल झाले. जमीन ताटासारखी सपाट, उंचवटा नाही, आणि ऊन चढलं की मृगजळ. समोरचं ठाणं तरंगायला लागतं, दोनाची चार होतात. शैबाच्या लढाईत मृगजळानं दोन्ही बाजूंना चकवलं होतं.

आता अक्षरांबद्दल. फौजेत तेव्हा हिंदी शिपायांना रोमन लिपीतून उर्दू शिकवत. मोर्सही रोमन अक्षरांचंच. म्हणजे आपला एखादा शिपाई मराठी सही करू शकत नसेल, तरी इंग्रजी अक्षरं त्याला पक्की येत असणार. इंग्रजी भाषा नव्हे, अक्षरं. आणि मोर्स कधीच ए बी सी डी या क्रमानं शिकत नाहीत. मी स्वतः शिकले तेव्हा आधी ई, आय, एस, एच. एक टिंब, दोन टिंबं, तीन, चार. मग टी, एम, ओ. एक रेघ, दोन रेघा, तीन. असे गट असतात. भिंतीवर मधलीच अक्षरं कशीही होती म्हणताय, तर ती कशीही नसावीत. आजोबांना एखादा तुकडा आठवतो का?

उरमोडीकाठ

ताई, आजोबा जाऊन बारा वर्षं झाली. पण तुमचा प्रतिसाद आईला फोनवर वाचून दाखवला. ती म्हणाली, सासरे सांगायचे की म्हातारा एकेक अक्षर काढताना तोंडानं काहीतरी पुटपुटायचा, 'डा डिट डिट' असं. घरातल्यांना वाटायचं, भ्रम झालाय.

देवळाच्या पाटीचा फोटोही आला. एकतीस गेले, चार मेले.

आयनांबर

डा डिट डिट म्हणजे डी.

मी आज एवढंच लिहिते.

दापोडीकर

शरणागतीनंतरचं राहिलंच. तोफा फोडल्या, बिनतारी यंत्रंही मोडून टाकली, तुर्कांच्या हाती काही लागू द्यायचं नाही म्हणून. तेरा हजारांच्या आसपास माणसं कैद झाली, त्यात हिंदी जास्त. त्यांना वाळवंटातून चालवत वर नेलं. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांना रास अल ऐनला बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. पणजोबांना पणजीनं ओळखलं नाही यात नवल नाही. बसऱ्याच्या स्मारकावर चाळीस हजारांहून जास्त मृतांची नोंद आहे. त्यात गोऱ्यांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचा नुसता आकडा. तुमच्या मारुतीच्या पायरीवर आहे तसाच.

खात्याचा पुढचा प्रवास थोडक्यात. युद्धात सिग्नलची किंमत सगळ्यांना कळली, १९२० मध्ये स्वतंत्र सिग्नल कोअर झाली आणि जबलपूरला तिचं केंद्र आलं. म्हणून तारवाला काकांच्या कागदांवर जबलपूरच्या अभिलेख कार्यालयाचा शिक्का असणार.

तारवाला

आहे. पेन्शनच्या प्रत्येक कागदावर आहे. जबलपूरचं म्युझियम पाहा कधी जमलं तर. मोटरसायकलवर मनोरे करणारे 'डेअरडेव्हिल्स' तुम्ही २६ जानेवारीला टीव्हीवर बघता ना, ते आमचेच. लोकांना ते सर्कशीसारखं वाटतं. मूळ ते डिस्पॅच रायडर, डाक घेऊन मोटरसायकलवर जाणारे. तार तुटली, रेडिओ बंद पडला, तर शेवटी फटफटीच.

टोपीवरच्या आमच्या बिल्ल्यावर पायाला पंख असलेला एक गडी असतो. रोमन लोकांचा देवदूत मर्क्युरी, पण फौजेत त्याला सगळे 'जिमी' म्हणतात. इंग्रज गेले, मुकुट गेला, त्या जागी अशोकाचे सिंह आले, जिमी मात्र राहिला. खाली लिहिलंय 'तीव्र चौकस'. पहिल्या दिवशी मी ते 'तीव्र चौकशी' असं वाचलं आणि घाबरलो.

आता एक कडू गोष्ट, कारण इतिहास विचारलाय. १९६२, चीनशी युद्ध. नामका चू. ब्रिगेडियर दळवींची सात नंबरची ब्रिगेड थागला डोंगराच्या पायथ्याशी एका ओढ्याच्या काठानं पसरून ठेवली होती. २० ऑक्टोबरला पहाटे पाचच्या सुमारास तोफगोळे सुरू झाले आणि टेलिफोनच्या तारा पहिल्या काही मिनिटांतच गेल्या. कुठल्या पलटणीचं काय झालं हे ब्रिगेडला कळेना, वर डिव्हिजनला तर नाहीच. आम्हाला ट्रेनिंगमध्ये हे पुन्हा पुन्हा सांगायचे. मी तिथे नव्हतो, तेव्हा मी शाळेतही नव्हतो. पण माझ्या पहिल्या युनिटमध्ये एक म्हातारे सुभेदार होते, ते ६२ मध्ये त्या भागात लाइनमन होते. त्यांना कुणी विचारलं की एवढंच सांगायचे, 'तार हातात होती, दुसऱ्या टोकाला कोणी नव्हतं.' मग उठून जायचे.

आणि गोड गोष्ट १९७१ ची. १४ डिसेंबरला ढाक्यात गव्हर्नमेंट हाऊसमध्ये बैठक आहे, असा पाकिस्तानी संदेश आपल्या सिग्नलवाल्यांनी हवेतून टिपला. थोड्याच वेळात आपली मिग विमानं त्या छपरावर. गव्हर्नर मलिकनं तिथेच राजीनामा लिहिला. यात आमच्यातल्या कुणी गोळी झाडली नाही, कानाला हेडफोन लावून एक माणूस बसला होता.

दुसऱ्याचं बोलणं चोरून ऐकणं हे पहिल्या महायुद्धापासूनचं. तेव्हा बऱ्याच वेळा एकच तार टाकायचे आणि विजेचा परतीचा रस्ता म्हणून जमीन वापरायचे. जर्मनांनी जमिनीत खुंट्या ठोकून इंग्रजांचं बोलणं ऐकलं. मग १९१५ मध्ये कॅप्टन फुलर नावाच्या इंजिनिअरनं असं यंत्र काढलं की जमिनीतून काही कळेना. फुलरफोन. दुसऱ्या महायुद्धातही तो वापरात होता.

नुसता वाचक

मला एक शंका आहे, हसू नका.

उरमोडीकाठ, तुमच्या घराला 'हेल्याचं घर' म्हणतात म्हणालात. आयनांबर ताई हेलिओग्राफ म्हणतायत. आमच्या गावात ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या घराला 'ट्रॅक्टऱ्या' म्हणतात. मग हेलिओ चालवणाऱ्याला?

उरमोडीकाठ

अरे देवा.

दापोडीकर

सैनिक त्याला 'हेलिओ' असंच म्हणत, पूर्ण नाव कोणी घेत नसे, हे नक्की. बाकी पुराव्याशिवाय मी काही म्हणणार नाही. पण रात्रभर हाच विचार करणार.

तारवाला

मी पैज लावणार नाही. गावाकडे टोपणनावाला कारण लागत नाही, आणि रेडा असणं हे काही अशक्य कोटीतलं नाही. पण एक गोष्ट. माझं घर गावात 'तारवाल्याचं' म्हणूनच ओळखलं जातं. वडिलांना ते आवडायचं नाही, त्यांना वाटायचं मी पोस्टात आहे असा समज होईल.

चुलत्यांना विचारा, रेडा कुणी पाहिला होता का.

उरमोडीकाठ

विचारलं. मोठे चुलते ब्याऐंशी वर्षांचे आहेत. म्हणाले, 'आपल्याकडं बैल दोन, म्हैस एक. हेला ठेवायची ऐपत कुणाची होती? हेला होता तो खालच्या आळीत.' मग थोडं थांबून म्हणाले, 'म्हाताऱ्याकडं एक आरसा होता. त्याला कोणी हात लावला की मारायचा.' आरसा कुठे गेला ते त्यांना ठाऊक नाही. दाढीचाही असेल. मी काहीच ठरवत नाहीये.

आयनांबर

गोठा अजून आहे का?

उरमोडीकाठ

गोठा आहे. आत १९८० च्या आसपास वडिलांनी चुना मारला होता, त्यावर नंतर दोनदा डिस्टेंपर. रविवारी जातोय. एका कोपऱ्यात नखानं हळूहळू खरवडून बघतो.

तारवाला

नखानं नको. आधी ओलं फडकं अर्धा तास लावून ठेवा, मग लाकडी पट्टीनं. आणि चिंच घरीच ठेवून जा.